दादानं छापलंय

गोळी बशीत पडून होती आणि आत्या तिच्याकडे झुरळाकडे बघावं तसं बघत होती.

"घे," भाचीनं पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"ठेव तिथंच. शोभेला."

"आत्या, तुझ्या हृदयात धातूची झडप बसवलीय. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ही गोळी आहे. गुठळी धरली आणि सुटली, तर सरळ मेंदूत जाते. एक दिवस चुकवायची नसते ही, आणि तू आठवड्याच्या वर..."

"आज वाचनालय लवकर उघडलं वाटतं." आत्यानं उजवा गाल तळहातात धरला होता. दाढ ठणकत होती, पण जीभ ठणठणीत होती. "दादानं छापलंय. दात काढायचा असेल तर आधी गोळी बंद. मला दात काढायचाय, म्हणून गोळी बंद. यात तुझ्यासारख्या चार पुस्तकं वाचलेल्या बाईला न कळण्यासारखं काय आहे?"

"मग काढ ना दात! दाताच्या डॉक्टरकडची वेळ दर वेळी तूच मोडतेस."

"काढीन. मनाची तयारी झाली की काढीन."

म्हणजे दात निघेपर्यंत गोळी बंद, आणि भीती जाईपर्यंत दात निघणार नाही. आत्याची दाताची भीती गेल्या साठ वर्षांत गेली नव्हती, ती या महिन्यात जाईल असं मानायला काही आधार नव्हता. भाची फ्रिजकडे बघत राहिली. फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाखाली वर्तमानपत्राचं कात्रण होतं, ठळक मथळा होता, 'दात काढायचाय? आधी गोळी थांबवा!', आणि मथळ्याशेजारी चष्म्याच्या वरून बघणारा तिच्या बाबांचा फोटो.

आत्या ज्याला दादा म्हणायची तो तिचा थोरला भाऊ, म्हणजे भाचीचे बाबा. पेशानं डॉक्टर. रविवारच्या पुरवणीत त्यांचं 'दवाखान्याच्या पायरीवरून' नावाचं सदर वर्षानुवर्षं यायचं. लोक प्रश्न पाठवायचे, बाबा उत्तरं द्यायचे. हिवाळ्यात बाबा वारले. सदर वारलं नाही. पुढच्याच रविवारी ते त्याच जागी, त्याच फोटोसह हजर होतं. फक्त फोटोखाली बारीक अक्षरात 'संग्रहातून' असा एक शब्द आला होता, तोही डोळ्यांत तेल घालून शोधला तर सापडेल असा.

"आत्या, हे बाबांनी लिहिलेलं नाही. कितीदा सांगू? पेपरातलं कुणीतरी लिहितंय त्यांच्या नावानं."

"लिहून ठेवलंय त्यानं. मरायच्या आधी सगळं लिहून ठेवलंय. शहाणी माणसं ठेवतात."

"त्यांच्या टेबलाचे सगळे खण मी आवरले. असं काही नव्हतं."

"तुला नसेल दिलं." आत्याचा चेहरा उजळल्यासारखा झाला. "तुला कशाला देईल? तू काय केलंस त्याच्यासाठी? शेवटचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस मला."

झालं, गाडी रुळावर आली. कुठूनही निघाली तरी ती याच स्टेशनावर येऊन थांबायची. बाबांना संसर्ग झाला होता, वॉर्डात कुणालाच सोडत नव्हते, भाचीलाही काचेतूनच बघावं लागलं होतं. तिचं हे सांगून झालं होतं, डॉक्टरांकडून वदवून झालं होतं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आत्याच्या हिशेबी भाचीनं दाराशी उभं राहून तिला अडवलं होतं, आणि तेव्हापासून भावाचा शब्द तिच्यापर्यंत पोचायची एकच वाट उरली होती. ती रविवारी सकाळी दाराखालून आत यायची.

हृदयाच्या डॉक्टरांना भाचीनं फोन लावून दिला होता. आत्या "हो हो, बरं बरं, थँक्यू" म्हणाली आणि फोन ठेवल्यावर म्हणाली, "आवाजावरून अजून मिसरूड फुटलेलं दिसत नाही." दाताचे डॉक्टर म्हणाले होते, गोळी चालू ठेवूनच या, रक्त तपासून मी दात काढतो, रोज काढतो. त्यावर आत्याचं म्हणणं, "तो तर मला मारायलाच टपलाय. दादा छापतो एक आणि हा बोलतो दुसरं. बोललेल्याचा पुरावा काय? छापलेलं राहतं." गोळी चहात विरघळवावी असंही एकदा भाचीच्या मनात येऊन गेलं, पण आत्या स्वतःचा चहा स्वतः करायची आणि कप नजरेआड होऊ द्यायची नाही.

"आणि मी एकटी नाही," आत्या म्हणाली. "सकाळी फिरायला येतात त्या सगळ्यांना मी फोनवर पाठवलंय हे. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांनी पण गोळी सोडली."

"त्यांचाही दात दुखतोय?"

"नाही. पण ते म्हणाले, रक्त पातळ करणं मुळातच वाईट. दूध पातळ केलं तर आपण गवळ्याला शिव्या देतो."

भाची खाली वाकली, पेला उचलायच्या निमित्तानं आत्याच्या जवळ गेली आणि थांबली. बंद खोलीत कान दिला की ती झडप ऐकू यायची. टिक, टिक, मनगटावरच्या घड्याळासारखी. झडप बसवली तेव्हा भाची लहान होती. आत्याच्या छातीला कान लावून ती तासन्‌तास बसायची, आणि 'आत्यानं घड्याळ गिळलंय' असं तिनं शाळेत सांगितलं होतं. हृदयाचे डॉक्टर म्हणाले होते, आवाज मंद झाला, बोजड झाला, किंवा बोलण्यात, चालण्यात जरा फरक पडला, तर कुणाचंही ऐकू नका, उचलून घेऊन या.

टिक, टिक. आवाज अजून खणखणीत होता.

"काय ऐकतेस? अजून चालू आहे," आत्या म्हणाली. "जा आता. लोकांचं लिहिलेलं परत लिहायचं काम पडलं असेल."

भाची भाषांतरं करायची. आत्याच्या दृष्टीनं तो उद्योग म्हणजे उष्टं ताट पुन्हा वाढणं.

*

पुरवणीच्या संपादकबाईंची खोली काचेची होती. बाहेरच्या दालनात माणसं आपापल्या पडद्यांसमोर वाकून बसली होती, आणि भिंतीला येत्या रविवारची पानं टाचणीनं लावलेली होती. काही पानांवर मजकुराच्या जागी नुसत्या रेघा, पण जाहिरातींचे काळे चौकोन आधीच ठाम बसलेले. आधी जाहिराती बसायच्या, मग उरलेल्या जागेत ज्ञान.

"तुमच्या वडिलांबद्दल आम्हाला फार आदर आहे," संपादकबाई म्हणाल्या.

"मग त्यांना मरू द्या."

बाईंनी चहाचा कागदी पेला खाली ठेवला. त्यांना या सुरात बोलणारी माणसं रोज भेटत असावीत. चेहऱ्यावरची घडी मोडली नाही. "बसा ना."

"मी उभी बरी आहे. त्यांच्या नावानं कोण लिहितं?"

"आमची टीम..."

"नाव नको, माणूस दाखवा."

माणूस आला. तिशीतला, डोळ्यांखाली काळं, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. दालनात त्याला सगळे भविष्यवाला म्हणायचे, कारण राशिभविष्यही तोच लिहायचा. आठवड्याच्या सुरुवातीला लोकांचं नशीब, शेवटाला लोकांची तब्येत.

"तुम्ही डॉक्टर आहात?" भाचीनं विचारलं.

"नाही. पण मी बघून लिहितो हो. चांगल्या ठिकाणचं बघून लिहितो. मनाचं नाही घालत."

"भविष्य पण बघूनच लिहिता का?"

त्याचे कान लाल झाले. "ते जुनं फिरवतो," तो म्हणाला. मग एकदम आवाज चढवून, "अहो, पण दाताचं मी पूर्ण लिहिलं होतं! शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं होतं, की हृदयात कृत्रिम झडप असलेल्यांनी गोळी बंद करूच नये, आणि बाकीच्यांनीही डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नये. शेवटच्या क्षणी गादीची जाहिरात मोठी झाली. पान लावणाऱ्यानं खालून उडवलं. सगळेच खालून उडवतात. माझा काय दोष?"

"शेवटच्या परिच्छेदात," भाची म्हणाली.

"हो."

"शेवटच्या."

तिला खरोखर बसावंसं वाटलं, पण बसली नाही. बाबा हे पहिल्या वर्षातच शिकले होते. पान लावणारा मजकूर वाचत नाही, मोजतो. जागा कमी पडली की कात्री खालून लागते. म्हणून बाबा उलटे लिहायचे. जे वाचलं नाही तर माणूस मरेल ते पहिल्या ओळीत, हुकूम सोडल्यासारखं. मग कारण. गोड बोलणं, धीर, आणि आपले आवडते विनोद अगदी शेवटी. रविवारी पेपर आला की बघावं, शेवट हमखास गेलेला. मग जेवायच्या टेबलावर बाबा कापलेलं शेपूट स्वतः वाचून दाखवायचे. "ऐका, आजचं अनाथ बाळ," असं म्हणून सुरू करायचे आणि विनोद संपायच्या आधी स्वतःच हसायचे. वाचकांना ठाऊक असलेले डॉक्टर कडक होते, कधी न हसणारे. हसणारा माणूस फक्त त्या टेबलाभोवतीच्या लोकांना ठाऊक होता, आणि आता तिथं खुर्ची एकच लागायची.

"आणि मथळा?" तिनं विचारलं. "'आधी गोळी थांबवा!' हेही जाहिरातीनं लिहिलं?"

भविष्यवाल्यानं संपादकबाईंकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. तेवढं पुरेसं होतं.

"मथळा लक्ष वेधणारा लागतो," बाई म्हणाल्या. "नाहीतर वाचतंय कोण? आणि हे बघा, चूक झाली हे आम्हाला मान्य आहे. उद्याच खुलासा छापतो."

"कुठं?"

"खुलाशांची जागा ठरलेली असते. आतल्या पानावर. हवामानाच्या खाली."

"हवामानाच्या खाली! माझी आत्या आठवडाभर गोळीशिवाय बसलीय. तिच्याकडचं कात्रण किती फोनांवर फिरलंय देव जाणे. ती माणसं हवामानाच्या खाली बघणार आहेत? जिथं खोटं छापलंत तिथंच खरं छापा. त्याच फोटोखाली. हे डॉक्टर वारले, मागचा मजकूर त्यांचा नव्हता, गोळी सोडू नका. एवढंच. नाहीतर मी वकिलाकडे जाते."

"जा," बाई शांतपणे म्हणाल्या. "वकिलाची नोटीस इथं पोचेल, आमचे वकील उत्तर देतील, महिने जातील. तोवर तुमच्या आत्याबाई थांबतील?"

बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही.

"आणि समजा, तुम्ही म्हणता तसं मी छापलं. त्या काय म्हणतील? बरं वाटलं, आता गोळी घेते, असं म्हणतील?" बाईंनी पुढे वाकून हात टेबलावर ठेवले. "मी पंधरा वर्षं वाचकांची पत्रं वाचतेय. त्या म्हणतील, माझ्या भावाचं नाव पुसलं. भाचीनं जाऊन पुसायला लावलं. मग गोळी तर राहोच, तुम्हाला दारातही उभं करणार नाहीत."

या बाईच्या बोलण्यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही होती, की ते खरं होतं. अगदी शब्दांसकट. 'पुसायला लावलं' हे आत्या नेमक्या कुठल्या आवाजात म्हणेल, तेही भाचीला ऐकू आलं.

"त्या कुणाचं ऐकतील?" बाईंनी विचारलं.

उत्तर दोघींनाही ठाऊक होतं. ते फोटोतून चष्म्यावरून बघत होतं.

"तुम्ही लिहा," बाई म्हणाल्या. "या रविवारचं. तुमच्या वडिलांच्या पद्धतीनं. तुम्हाला जे सांगायचंय ते त्यांनाच सांगू दे."

"आणि बदल्यात?"

"बदल्यात काही नाही. फक्त हे नावाचं प्रकरण इथंच मिटलं. सदर चालू राहील, नाव राहील, फोटो राहील. वकील नाही, तक्रार नाही, कुठं बोलणं नाही. तुम्हीच एकदा त्या नावानं लिहिलंत, तर मग आम्ही लिहिलं तर काय बिघडलं? नाही का?"

"तुम्हाला लाज नाही वाटत?"

"वाटते," बाई म्हणाल्या. "पण रविवारी पान द्यायचं असतं."

भविष्यवाला आपल्या खिशावरच्या डागाकडे बघत उभा होता. बाहेर कुणीतरी हसलं, कुणाचा तरी फोन वाजला. भाचीनं काचेतून भिंतीवरचं सदराचं पान बघितलं. वर बाबांचा फोटो बसला होता, खाली काळा चौकोन, आणि मधली जागा रिकामी. ती इथं हे नाव सोडवायला आली होती. घरून निघताना तिनं मनाशी ठरवलं होतं, की बाबांसाठी आता करण्यासारखं एवढं एकच काम उरलंय, ते तरी नीट करायचं.

"वरच्या ओळींना हात लावायचा नाही," ती म्हणाली. "आणि मथळा मी देणार."

"वर कुणी हात लावणार नाही. खाली मात्र जागेप्रमाणे."

"खालचं मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

*

लिहायला बसल्यावर तिला वाटलं होतं, जड जाईल. गेलं नाही, आणि त्याचाच तिला राग आला. आयुष्यभर तिनं मेलेल्या आणि जिवंत परक्या माणसांच्या आवाजात लिहिलं होतं. बाबांचा आवाज तर घरचा. पहिलं वाक्य तिनं लिहिलं ते त्यांच्याच सारखं टेबलावर मूठ आपटून.

'हृदयात कृत्रिम झडप असलेल्यांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःहून बंद करायची नाही. दातासाठी नाही, कशासाठीच नाही. कुणी केली असेल तर हा पेपर खाली ठेवा आणि आत्ता आपल्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. ते सांगतील तशी पुन्हा सुरू करा. मागे याच जागी उलटं छापलं गेलं, ती चूक होती. दात हा घरातला भाडेकरू आहे, हृदय घरमालक. भाडेकरूला काढण्यासाठी मालकाला कुणी घराबाहेर काढतं का?'

मग कारण. दात काढताना थोडं जास्त रक्त येईल, ते दाबून थांबवता येतं. मेंदूत गेलेली गुठळी दाबून थांबवता येत नाही. दाताच्या डॉक्टरांना झडपेबद्दल आधी सांगा, रक्त तपासून घ्या, ते बघतील. ज्यांना झडप नाही पण ही गोळी चालू आहे, त्यांनाही हाच नियम: ज्यानं दिली त्याला विचारा. रक्त म्हणजे दूध नव्हे, हे वाक्य तिनं निवृत्त मास्तरांसाठी घातलं.

आणि शेवटी तिनं शेपूट लिहिलं. ते जाणार हे पक्कं ठाऊक असूनही लिहिलं, कारण त्याशिवाय ते बाबांचं झालं नसतं. बाबा टेबलावर सांगायचे ती गोष्ट: 'माझी धाकटी बहीण लहानपणी दाताला फार भ्यायची. एकदा दात हलायला लागला म्हणून त्याला दोरा बांधला आणि दोऱ्याचं दुसरं टोक दाराला. आता दार आपटलं की दात बाहेर. पण बहीण दार आपटू देईना. दिवसभर आमचं दार सताड उघडं. चोर आला असता तर जाताना दात तेवढा घेऊन गेला असता.'

टेबलावर बाबा ही गोष्ट अर्धी सांगून हसत सुटायचे. तिनं ती एकदा मोठ्यानं वाचून पाहिली. खोलीत कुणी हसलं नाही.

रविवार यायला अजून दिवस होते. ती रोज आत्याला फोन करायची. "काय गं, कशी आहेस?" "जिवंत आहे. ठेव." एकदा आत्या फोनवर जरा अडखळली, शब्द शोधत थांबली, आणि भाची ओरडली. "आत्या? आत्या, हात वर कर बघू! दोन्ही हात वर कर!" पलीकडून भांडं आपटल्याचा आवाज आला. मग, "दूध उतू चाललं होतं ते बघत होते. हात वर करून काय गॅस बंद करू? वेडबिड लागलं का तुला?" तरी भाची उठली, थेट आत्याच्या घरी जाऊन धडकली, तिला बोलतं करून, चालवून पाहिलं, आणि शेवटी तिच्या शेजारी बसून राहिली. टिक, टिक.

"घड्याळ नाही का तुझ्या घरी?" आत्या म्हणाली.

*

रविवारी सकाळी भाची पोचली तेव्हा दार उघडंच होतं. आत्या बाहेर जायच्या कपड्यांत, पायात चपला घालून टेबलाशी बसली होती. समोर पुरवणी, पुरवणीवर चष्मा. बशी रिकामी होती.

"ये. ये, वाचनालय. बघितलंस?" आत्यानं पेपर हवेत हलवला. "दादानं काय छापलंय बघितलंस? गोळी बंद करायची नाही. चूक झाली होती म्हणून स्पष्ट सांगितलंय त्यानं. माणूस असावा तर असा. चूक कबूल करतो. तुमच्यात आहे कुणाची छाती?"

"मी पण हेच सांगत होते, आत्या."

"तू सांगत होतीस. त्यानं सांगितलं. फरक असतो." आत्या उठून फ्रिजकडे गेली, जुनं कात्रण ओढून काढलं आणि चुरगळून केराच्या डब्यात टाकलं. "मी त्या बिनमिशीच्या डॉक्टरला फोन केला. चांगला झापला. म्हटलं, माझ्या भावानं छापेपर्यंत तुम्हाला सांगता येत नव्हतं? झोपा काढता? तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता या, रक्त तपासू, इंजेक्शन द्यावं लागेल. म्हटलं, येते. तू आलीसच आहेस तर चल. आणि मास्तरांनाही फोन केला. ते म्हणाले, डॉक्टर म्हणतात तर दुधाचं उदाहरण मी मागे घेतो."

भाचीच्या छातीत अडकलेलं काहीतरी खाली उतरत होतं, आणि ते उतरत असतानाच दुसरं काहीतरी वर चढत होतं. तिनं पुरवणी हातात घेतली. मथळा तिचाच होता. पहिली ओळ जशीच्या तशी. भाडेकरू होता, घरमालक होता. रक्त म्हणजे दूध नव्हे, हेही होतं. आणि त्याखाली लगेच गादी. गादीवर एक बाई गाढ झोपली होती. दार, दोरा, चोर, सगळं तिच्या उशीखाली गेलं होतं.

"किती मोजकं लिहितो बघ," आत्या म्हणाली. "एक शब्द फालतू नाही. सरळ हुकूम. माझा दादा कधी पाचकळ बोलला नाही. मला आई-बापाच्या जागी होता तो. तुझ्यासारखी बडबड नाही."

भाचीनं ठरवलं होतं, गप्प राहायचं. पण ती बोलून गेली. "ते खूप विनोद करायचे. घरी, जेवताना. तुझ्या दाताचा पण सांगायचे. दोरा दाराला बांधला आणि तू दिवसभर दार लावू दिलं नाहीस म्हणून. चोर आला असता तर..."

आत्याचा हात पदर सावरता सावरता थांबला.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"बाबांनी. हसत सुटायचे सांगताना."

"खोटं," आत्या म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "त्या दिवशी तो हसला नव्हता. सगळे हसत होते. शेजारची पोरं दार आपटायला टपली होती. दादा दाराला पाठ लावून उभा राहिला. दात आपोआप पडेपर्यंत त्यानं कुणाला दाराला हात लावू दिला नाही. जेवायलासुद्धा आत आला नाही." मग नेहमीची धार परत आली. "आणि म्हणे हसायचे! मेलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं, दुसरं काय येतं तुम्हाला?"

भाचीनं पुरवणीची घडी घातली. बाबांचा चेहरा आत गेला.

बाबांनी टेबलावर गोष्ट कितीदा तरी सांगितली होती. दाराशी कोण उभं होतं ते एकदाही सांगितलं नव्हतं. ते शेपूट त्यांनी स्वतःच कापलं होतं.

"चल," ती म्हणाली. "डॉक्टर थांबलेत."

जिना उतरताना आत्यानं कठड्याऐवजी भाचीचा दंड धरला. प्रेमानं नव्हे, कठडा धुळीनं माखला होता म्हणून, आणि तसं तिनं बोलूनही दाखवलं. जिन्यात शांतता होती. टिक, टिक ऐकू येत होतं, खणखणीत. आत्याचा उजवा गाल आता सुजला होता.

"आत्या, तिथूनच दाताच्या डॉक्टरकडे जाऊ. रक्ताचं कळलं की ते वेळ देतील. मी बोलून ठेवते."

"तू नको बोलूस."

"अगं, पण ती दाढ..."

"दाढेचं मी तुला विचारलंय?" आत्या पायरीवर थांबली, दम घेतला आणि भाचीच्या हातातल्या पुरवणीवर बोट आपटलं. "परवाच प्रश्न लिहून पाठवलाय मी दादाच्या सदराला. दात कधी काढू, कुणाकडे काढू, दुखेल का. सगळं विचारलंय. आता पुढच्या रविवारी तो काय म्हणतो ते बघू. तो म्हणाला काढ, तर काढीन."